वाचक विचारतात : ड्रायव्हर फाइल मागतो, पण ती बांधून द्यायची कोणी?

या वेळी गोव्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच दुखण्याभोवती फिरतात. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर फर्मवेअरची (उपकरणातल्या चिपने स्वतः चालवायच्या प्रोग्रॅमची) फाइल मागतो आणि ती त्याला वेळेवर मिळत नाही. म्हणून ती एकत्रच घेतली आहेत. आज्ञा, फाइलींची नावं आणि कोड छपाईसाठी देवनागरीत दिला आहे. कीबोर्डवर तो अर्थातच रोमनमध्ये टाकायचा, मॅक्रोंची नावं मोठ्या लिपीत.

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमचं लहान युनिट आहे. सेन्सर वाचणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आम्ही बनवतो, त्याचा लिनक्स ड्रायव्हरही आमचाच. सुरू होताना कार्डाला एक फर्मवेअर फाइल लागते, ती /लिब/फर्मवेअर मध्ये ठेवली आहे. हाताने मॉडप्रोब केलं (ड्रायव्हरचं मॉड्यूल चढवलं) की सगळं चालतं. मशीन रीस्टार्ट केलं की कार्ड मेलेलं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२'. फाइल तर जागेवर दिसते. ड्रायव्हर लवकर चढावा म्हणून मॉड्यूलचं नाव /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स मध्ये घातलं आहे.

उत्तर : पत्रातल्या शेवटच्या ओळीतच तुमचं उत्तर आहे. -२ म्हणजे 'अशी फाइल नाही', आणि कर्नल खरंच बोलतोय. तुमचं मॉड्यूल इनिटरॅमएफएसमधून, म्हणजे डिस्क माउंट होण्याआधीच्या तात्पुरत्या फाइल-सिस्टिममधून चढतं. त्या वेळी /लिब/फर्मवेअर म्हणजे त्या तात्पुरत्या गाठोड्यातली डिरेक्टरी, डिस्कवरची नव्हे. मॉड्यूल गाठोड्यात गेलं, त्याची फाइल मागे राहिली. तुम्ही लॉगिन करून बघता तोवर डिस्क चढलेली असते, म्हणून तुम्हाला फाइल दिसते.

फाइल मागे का राहिली? गाठोडं बांधणाऱ्या प्रोग्रॅमला ती लागते हे कोणी सांगितलंच नाही. इनिटरॅमएफएस-टूल्स, ड्रॅकट, एमकेइनिटसीपीआयओ यांच्यापैकी कोणीही तुमचा सी कोड वाचत नाही. ते मॉड्यूलच्या '.मॉडइन्फो' या भागात 'फर्मवेअर=' ने सुरू होणाऱ्या ओळी शोधतात आणि त्या फाइली उचलतात. ती ओळ तिथे टाकण्याचं काम 'मॉड्यूल_फर्मवेअर' या मॅक्रोचं. तुमच्या कोडमध्ये तो नसणार.

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. हा मॅक्रो काहीही लोड करत नाही. मॉडप्रोब तो बघत नाही, कोणत्या मॉड्यूलला कोणतं लागतं याची यादी बनवणारं डेपमॉडही त्यावरून अवलंबित्व लावत नाही. फाइल प्रत्यक्ष मागतं ते प्रोबमधलं (कार्ड सापडल्यावर ड्रायव्हरचं जे फंक्शन चालतं त्यातलं) 'रिक्वेस्ट_फर्मवेअर', आणि त्याला या घोषणेची गरज नसते. म्हणूनच घोषणा विसरलेला ड्रायव्हर लेखकाच्या टेबलावर वर्षभर बिनतक्रार चालतो. घोषणा आहे ती पॅकेज आणि गाठोडं बांधणाऱ्यांसाठी.

दोन्ही ठिकाणी नाव एकाच जागेहून यावं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा :

#डिफाइन कार्ड_एफडब्ल्यू "आमचीकंपनी/कार्ड-१.बिन"
मॉड्यूल_फर्मवेअर(कार्ड_एफडब्ल्यू);
आरईटी = रिक्वेस्ट_फर्मवेअर(&एफडब्ल्यू, कार्ड_एफडब्ल्यू, डेव्ह);

नाव /लिब/फर्मवेअर पासून पुढचं द्यायचं, सुरुवातीला तिरकी रेघ नाही. घोषणेत एक अक्षर चुकलं तर कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं आहेत. वरच्यासारखी एकच व्याख्या दोन्हीकडे वापरली की ही चूक होण्याचा मार्गच बंद होतो. काम झाल्यावर 'रिलीज_फर्मवेअर' विसरू नका, नाहीतर फाइलएवढी मेमरी अडकून राहते.

आता तपासणी. मॉड्यूल बनवल्यावर इन्स्टॉल करण्याआधीच 'मॉडइन्फो -एफ फर्मवेअर ./कार्ड.केओ' चालवा. फाइलचं नाव छापलं गेलं पाहिजे. काहीच आलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग मॉड्यूल इन्स्टॉल करून डेपमॉड, त्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', आणि शेवटी 'एलएसइनिटरॅमएफएस' ला /बूट मधली इनिटआरडी फाइल देऊन ग्रेपने तुमच्या फाइलचं नाव शोधा. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि रीस्टार्ट करून बघतात. रीस्टार्टला दोन मिनिटं लागतात, ग्रेपला दोन सेकंद.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सेन्सरचं कार्ड इनिटरॅमएफएसमध्ये हवंच कशाला? रूट डिस्क चढवायला जे लागतं ते तिथे असावं : डिस्क कंट्रोलर, फाइल-सिस्टिम, कीबोर्ड, नेटवर्कवरून बूट होत असेल तर नेटवर्क कार्ड, आणि सुरुवातीपासून पडदा हवा असेल तर ग्राफिक्स. तुमचं मॉड्यूल त्या यादीतून काढलंत तर ते डिस्क चढल्यावर यूडेव्ह (उपकरणं ओळखून मॉड्यूलं चढवणारी सेवा) चढवील आणि फाइल आपोआप मिळेल. तरी घोषणा कोडमध्ये घालाच. उद्या एखादं गिऱ्हाईक तुमचं मॉड्यूल स्वतःच्या गाठोड्यात घालील आणि तुम्हाला फोन करील.

प्रोब एकदा -२ ने फसला की कर्नल स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. फाइल नंतर जागेवर आली तरी आरएममॉडने मॉड्यूल उतरवून पुन्हा मॉडप्रोब करावं लागतं, किंवा सिसएफएसमधल्या ड्रायव्हरच्या 'बाइंड' फाइलमध्ये कार्डाचा पत्ता लिहावा लागतो. यावर उपाय म्हणून काही जण प्रोबमधून 'ईप्रोब_डिफर' ('नंतर पुन्हा बघा' हा संकेत) परत करतात. ते करू नका. फाइल खरोखरच नसेल तर कार्ड कायम 'थांबा, येतोय' म्हणत राहतं आणि खरी चूक झाकली जाते.

प्रश्न : मी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. प्रोजेक्टच्या ड्रायव्हरमध्ये चिपची रिव्हिजन रजिस्टरमधून वाचून एसएनप्रिंटएफने फाइलचं नाव बनवते. ते नाव ठेवलेलं व्हेरिएबल मॉड्यूल_फर्मवेअरला दिलं तर कंपाइलच होत नाही. शिवाय आवृत्ती ३ ची फाइल नसेल तर २, तीही नसेल तर १ असं मागायचं आहे. मग घोषणा कशाची करायची?

उत्तर : कंपाइल होणार नाहीच. हा मॅक्रो 'फर्मवेअर=' आणि तुमची अक्षरं कंपाइल होतानाच जोडून ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवतो. व्हेरिएबलमधलं नाव ठरतं ते चिप समोर आल्यावर, आणि मॉडइन्फो चालतं तेव्हा चिप त्या मशीनमध्ये असेलच असं नाही. त्यामुळे अवतरणातलं नाव किंवा तसं नाव देणारा मॅक्रोच लागतो. ॲरेवर लूप फिरवूनही हे होणार नाही.

रिव्हिजन मोजक्या असतील तर प्रत्येकीसाठी एक ओळ लिहा. चार रिव्हिजन, चार ओळी, लाजायचं कारण नाही. रिव्हिजन पुष्कळ असतील तर नावांचा एक तक्ता मॅक्रोच्या रूपात करा आणि त्याच तक्त्यातून एकदा घोषणा, एकदा शोधायचा ॲरे असं दोनदा पीक काढा. इंटेलच्या आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये गक आणि हक या चिपमधल्या छोट्या प्रोसेसरांच्या फर्मवेअरसाठी नेमकी हीच युक्ती आहे, तो कोड उघडून वाचा. नावात यंत्राच्या मॉडेलचं नाव येत असेल तर शक्यता आधी मोजताच येत नाहीत. तिथे ब्रॉडकॉमच्या बीआरसीएमएफमॅक या वायफाय ड्रायव्हरने घोषणेतच तारांकन (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') वापरलं आहे : 'ब्रॉडकॉमच्या डिरेक्टरीतली एसडीआयओची सगळी .टीएक्सटी'. मात्र तारांकन उलगडायचं काम गाठोडं बांधणाऱ्याचं आहे, कर्नलचं नाही. आपलं साधन ते उलगडतं का, हे एलएसइनिटरॅमएफएसने पाहूनच या वाटेला जा.

आवृत्त्यांबद्दल. कोड ज्या ज्या फाइलवर समाधान मानतो, त्या सगळ्या घोषित करा. फक्त सर्वांत नवी घोषित केली आणि डिस्कवर जुनीच असेल, तर गाठोड्यात एकही जात नाही आणि जुन्या फाइलवर चालू शकणारा ड्रायव्हर उपाशी राहतो. उलट बाजूने, घोषित केलेलं सगळं गाठोड्यात शिरतं आणि त्याचं वजन वाढतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांतल्या जीएसपी या प्रोसेसरच्या फर्मवेअरची एकेक फाइल काही दहा एमबींची असते. त्या कार्डांचा नूव्हो हा ड्रायव्हर असलेल्या मशीनवर /बूट भरून जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. तुमच्या दोन-पाचशे केबींच्या तीन फाइलींना ती भीती नाही.

मागताना पहिल्या दोन आवृत्त्या 'फर्मवेअर_रिक्वेस्ट_नोवॉर्न' ने मागा, शेवटची साध्या 'रिक्वेस्ट_फर्मवेअर' ने. म्हणजे पर्याय शिल्लक असताना लॉगमध्ये उगाच लाल ओळी येत नाहीत, आणि सगळंच फसलं तर एक ओळ नक्की येते.

नाव ठरवताना आणखी एक. फाइलच्या नावात फक्त मोठा आवृत्ती क्रमांक ठेवा, म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्यातला करार बदलेल तेव्हाच बदलणारा. चुका दुरुस्त केल्या की तीच फाइल त्याच नावाने नवी करायची. २०२२ पासून कर्नलच्या कागदपत्रांत याबद्दल लेखी नियम आहेत : नवा कर्नल घेतला म्हणून कोणाला नवं फर्मवेअर आणावं लागू नये, आणि नव्या फर्मवेअरने जुना कर्नल बिघडू नये. व्हायव्हाला हे विचारलं जाईल न जाईल, पण कर्नलसाठी पॅच (कोडमधला बदल) पाठवलात तर पहिला आक्षेप इथेच येईल.

प्रश्न : साखळीच्या आमच्या हायस्कूलच्या लॅबमध्ये डेबियन लिनक्स आहे. ११ वरून १२ वर व्यवस्थित आलो. चवथीच्या सुटीआधी सहा नवीन मशीनं आली, त्यांवर जुन्याच डिस्कची प्रत उतरवली. सुटीनंतर लॅब उघडली तर नव्या मशीनचा पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकलेला. अपडेट-इनिटरॅमएफएस केलं की 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' च्या डझनावारी ओळी येतात, सगळ्या एएमडीजीपीयूच्या, म्हणजे एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. जुन्या मशीनवर आर८१६९ या नेटवर्क ड्रायव्हरबद्दलही अशा ओळी येतात, पण तिथलं नेट चालतं. घाबरायचं कधी?

उत्तर : ती ओळ कशी जन्माला येते ते कळलं की भीती निम्मी होते. मॉड्यूलने घोषित केलेल्या नावांतून डिस्कवर असलेली नावं वजा केली की उरतात ती ही नावं. एएमडीजीपीयू हे एकच मॉड्यूल अनेक पिढ्यांच्या चिपा चालवतं आणि त्या सगळ्यांच्या फाइली घोषित करतं. तुमच्या मशीनमध्ये त्यांतली एकच चिप आहे. तेव्हा पन्नास ओळींपैकी बहुतेक शेजाऱ्याच्या घरच्या असतात. स्वतःच्या घरचं काय हरवलंय ते सांगतो डीमेसेज : 'डीमेसेज' मध्ये 'फर्मवेअर' ग्रेप करा. तिथे 'फेल्ड' म्हणून जे नाव दिसेल तेवढंच तुमचं.

हरवलेल्या फाइलचा परिणामही ड्रायव्हरगणिक वेगळा. रिअलटेकच्या आर८१६९ ला बहुतेक चिपांवर ती फाइल नसली तरी चालतं, तिच्यात केबलच्या बाजूच्या सर्किटच्या दुरुस्त्या असतात. म्हणून तुमचं नेट चालतंय. तरी फाइल टाकून घ्या, लिंक मधूनच तुटणं किंवा वेग न धरणं अशा भुताटकीमागे कधी कधी हेच असतं. इंटेलच्या आय९१५ ला डीएमसीची (वीज वाचवणाऱ्या भागाची) फाइल मिळाली नाही तर पडदा ठीक असतो, पण चालू असताना वीज वाचवणं बंद पडतं. एएमडीजीपीयू मात्र फाइलशिवाय कार्ड सुरूच करत नाही आणि पडदा बूटच्या वेळच्या साध्या फ्रेमबफरवर (ग्राफिक्स ड्रायव्हरशिवायच्या चित्रावर) राहतो. तुमचं १०२४ बाय ७६८ ते हेच.

आता कारण. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजं 'नॉन-फ्री' मधून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेली. ११ वरून येताना सोर्सेस.लिस्टमधल्या (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीतल्या) ओळींना हा शब्द जोडला नसेल, तर सगळं अपग्रेड होतं आणि फर्मवेअर तेवढं ११ च्या काळचं राहतं. जुन्या मशीनच्या चिपा त्यात असतात, म्हणून तिथे काही जाणवत नाही. नव्या चिपा नसतात. डेबियनच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'मेन' नंतर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा, 'ॲप्ट अपडेट', मग 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' आणि 'फर्मवेअर-रिअलटेक' ही पॅकेजं घाला. इनिटरॅमएफएस पुन्हा बांधण्याचं काम पॅकेज सहसा स्वतः करतं, तरी एलएसइनिटरॅमएफएसने खात्री करा.

प्रत उतरवलेल्या डिस्कचा एक सापळा वेगळा आहे. इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये 'मॉड्यूल्स=डेप' असेल तर गाठोड्यात फक्त ते बांधलं त्या मशीनला लागणारी मॉड्यूलं जातात. जुन्या मशीनवर बांधलेलं गाठोडं नव्या मशीनला पुरेलच असं नाही. लॅबसाठी 'मॉड्यूल्स=मोस्ट' ठेवा, म्हणजे बहुतेक सगळी मॉड्यूलं जातात. आणि चिप डेबियन १२ च्या ६.१ कर्नलपेक्षाही नवी असेल तर डीमेसेजमध्ये फर्मवेअरची तक्रारच दिसणार नाही, कारण ड्रायव्हर चिपला ओळखतच नाही, मग मागेल काय? तेव्हा बॅकपोर्ट्समधून (याच डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या विभागातून) कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही घ्यावे लागतात.

प्रश्न : पेडण्यात आमच्या होमस्टेच्या काउंटरवरचा मिनी पीसी इंटेल एएक्स२०० वायफायवर चालतो. हौसेने कर्नल स्वतः कंपाइल केला, आयडब्ल्यूएलवायफाय हा त्याचा ड्रायव्हर 'एम' (वेगळं मॉड्यूल) ऐवजी 'वाय' केला आणि इनिटरॅमएफएस ठेवलाच नाही. पहिल्या पावसात लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू झालं ते वायफायशिवाय. लॉगमध्ये उतरत्या आकड्यांच्या फाइली मागितलेल्या दिसतात आणि शेवटी 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड'. फाइली डिस्कवर आहेत.

उत्तर : लाइटीचा दोष इतकाच, की तुमचा नवा कर्नल तिने पहिल्यांदा बूट करायला लावला. कंपाइल केल्या दिवशीच रीस्टार्ट केलं असतंत तर त्याच दिवशी कळलं असतं.

'वाय' म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात. तो रूट डिस्क चढण्याआधीच जागा होतो आणि फाइल मागतो. उतरते आकडे ही या ड्रायव्हरची रीत : स्वतःला कळणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून तो खाली उतरतो. सगळ्या पायऱ्यांवर -२ मिळालं, कारण तेव्हा डिस्कच नव्हती.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे परत 'एम'. 'वाय' च ठेवायचं असेल तर दोन वाटा. एक, फाइल कर्नलमध्येच शिवून टाका : 'कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर' मध्ये फाइलचं नाव, अनेक असतील तर मध्ये जागा सोडून, आणि 'कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर_डीआयआर' मध्ये /लिब/फर्मवेअर. इथे फाइल उघडी लागते, .एक्सझेड किंवा .झेडएसटी असेल तर आधी सोडवा. असा कर्नल दुसऱ्याला देऊ नका, फर्मवेअरचा परवाना तशी मुभा देतोच असं नाही. दुसरी वाट, इनिटरॅमएफएस ठेवा आणि फाइल त्यात घाला. तो पोटातले ड्रायव्हर जागे होण्याआधी उलगडतो. कर्नल ५.२ पासून पोटातल्या ड्रायव्हरांच्या घोषणाही 'मॉड्यूल्स.बिल्टइन.मॉडइन्फो' या फाइलमध्ये उतरतात, त्यामुळे नवं मॉडइन्फो त्यांच्याबद्दलही उत्तर देतं.

प्रश्न : म्हापशाहून. जुन्या मशीनवर एक फर्मवेअर फाइल नव्हती, म्हणून मित्राच्या नव्या उबुंटूवरून कॉपी केली. नाव बरोबर, जागा बरोबर, परवानग्या बरोबर. तरी -२.

उत्तर : नावाच्या शेवटी .झेडएसटी आहे का बघा. कर्नल मूळ नावाने फाइल शोधतो, नाही मिळाली तर दाबलेली शोधतो. एक्सझेडची दाबलेली फाइल कर्नल ५.३ पासून कळते, झेडस्टँडर्डची (.झेडएसटी) ५.१९ पासून, तेही कॉन्फिगमध्ये चालू असेल तर. त्याहून जुन्या कर्नलसाठी ती फाइल अस्तित्वातच नाही. 'अनझेडएसटीडी' ने सोडवून उघडी ठेवा. जागा वाचवायला पुन्हा एक्सझेडने दाबणार असाल तर '-सी सीआरसी३२' हा पर्याय द्याच. एक्सझेड न सांगता सीआरसी६४ (फाइल शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) लावतं आणि कर्नलमधल्या डीकंप्रेसरला ते कळत नाही. घोषणेतलं नाव मात्र नेहमी मूळचंच, त्यात .एक्सझेड लिहायचं नाही.

वेर्ण्याच्या वाचकांचा जोडप्रश्न : आमची फाइल लिनक्स-फर्मवेअरच्या सामायिक साठ्यात जावी यासाठी काय लागतं?

उत्तर : फाइल, तिचा पुनर्वितरणाची परवानगी देणारा परवाना, आणि साठ्याच्या मुळाशी असलेल्या 'व्हेन्स' नावाच्या फाइलमध्ये नोंद : ड्रायव्हर, फाइल, लायसन्स अशा ओळी. नोंदीतलं नाव घोषणेतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पाठवण्याआधी साठ्यात 'मेक चेक' चालवा, नोंद आणि फाइली यांचा मेळ ते तपासतं. पॅचखालची साइन-ऑफ (जबाबदारी घेणारी) ओळ परवान्याबद्दल बोलण्याचा अधिकार असलेल्या तुमच्या माणसाची हवी, बाहेरच्या कंत्राटदाराची चालत नाही. फर्मवेअरमध्ये जीपीएल या खुल्या परवान्याचा कोड असेल तर सोर्सही द्यावा लागेल, ते आधीच तपासून घ्या.